बदामची सत्ती

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या माजघरात पत्ते वाटले की ज्याच्याकडे बदामची सत्ती आली तो पानं नीट लावायच्या आतच ओरडायचा. बदाम सातचा नियमच तो. सत्ती खाली पडल्याशिवाय डाव सुरू होत नाही. मग तिच्या एका अंगाला छक्की, दुसऱ्या अंगाला अठ्ठी, आणि ज्याच्याकडे लावायला काहीच नाही त्याने तोंड पाडून ‘पास’ म्हणायचं. माझी एक आत्या या खेळात हमखास जिंकायची. ती चौकटची किंवा किलवरची सत्ती हातात आली तरी लगेच टाकायची नाही. दुसरं काही लावता येत असेल तोवर सत्ती दाबून बसायची आणि आम्ही पोरं पास, पास करत तिच्याकडे बघत राहायचो. ‘आत्या, तुझ्याकडेच आहे ना?’ असं विचारलं की म्हणायची, ‘असेल. घाई काय आहे?’

हे आठवायचं कारण असं, की मागच्या महिन्यात एका मंगळवारी बदामची सत्ती शेवटपर्यंत माझ्या हातात होती आणि तिचं काय करायचं हे मला कळलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी ब्रिज खेळायला जाते. पुण्यातला एक साधा क्लब आहे. आठ-नऊ टेबलं, पंख्यांचा आवाज, आणि साडेसातला येणारा अतिशय गोड चहा. चाळिशी उलटल्यावर शिकले, म्हणून अजूनही कच्चीच. माझे पार्टनर ऐंशीच्या घरातले, हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्याबरोबर खेळायला मिळतं याचं कारण एवढंच, की त्यांचे जुने पार्टनर आता रात्री गाडी चालवत नाहीत.

ज्यांना मेंढीकोट किंवा तीनशे चार येतं त्यांना ब्रिजचा सांगाडा दोन मिनिटांत समजतो. चौघं जण, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. आधी बोली: कोणता हुकूम आणि किती हात करणार. हुकूम नकोच असेल तर ‘नो ट्रम्प’. ज्याची बोली ठरते त्याने तेवढे हात करून दाखवायचे, आणि त्याच्या भिडूने आपली पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसायचं. त्या उघड्या पानांना, आणि ती मांडणाऱ्यालाही, ‘डमी’ म्हणतात. गप्प म्हणजे अगदी गप्प. समोरचा खड्ड्यात पाय घालतोय हे दिसत असलं तरी भुवईसुद्धा हलवायची नाही. काका या कामात पटाईत आहेत. त्यांचा चेहरा डमी होताना पोस्टातल्या खिडकीसारखा बंद होतो.

बोली लावून तेवढंच करून दाखवायचं, हा या खेळाचा आजचा गाभा. तो १९२५ साली अमेरिकेतल्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर गुणांची नवी पद्धत बसवली तेव्हापासूनचा आहे. त्याआधी ऑक्शन ब्रिज होतं. त्यात बोली थोडी लावून हात जास्त केले तरी ते सगळे गेमच्या, म्हणजे ठरलेल्या गुणांच्या टप्प्याच्या, हिशेबात धरले जायचे. नव्या पद्धतीत गेमकडे फक्त बोललेले हात मोजायचे ठरलं. म्हणून तर नवव्या हातासाठी जीव जातो.

आता तो डाव. घरात पत्त्यांचा जोड असेल तर खरंच मांडून बघा, नुसतं वाचून मजा येणार नाही.

माझ्याकडे: इस्पिकचा राजा, राणी, पंजी. बदामचा एक्का, सत्ती, पंजी, दुर्री. चौकटची राणी, सत्ती, चौकी. किलवरचा एक्का, राणी, छक्की.

काकांकडे: इस्पिकचा एक्का, अठ्ठी, तिर्री. बदामची छक्की, चौकी. चौकटचा एक्का, राजा, छक्की, तिर्री. किलवरची अठ्ठी, पंजी, चौकी, दुर्री.

एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक धरला तर माझे १७ गुण, त्यांचे ११. मी एक नो ट्रम्प बोलले, काकांनी सरळ तीनवर नेलं. बोलीचा आकडा सहाच्या पुढे मोजतात, म्हणून तीन नो ट्रम्प म्हणजे नऊ हात. डावीकडच्या गृहस्थांनी बदामचा राजा उतरला, काकांनी पानं मांडली, ‘थँक यू पार्टनर’ झालं, आणि मी मोजायला लागले.

इस्पिकचे तीन, बदामचा एक, चौकटचे तीन, किलवरचा एक. आठ. एक कमी.

नववा कुठून आणायचा? दोन दारं दिसत होती. चौकटची सात पानं आमच्याकडे, म्हणजे सहा त्यांच्याकडे. ती तीन-तीन वाटली गेली असतील तर आमचे एक्का-राजा-राणी वाजल्यावर डमीतलं चौथं पान आपोआप हात करणार. दुसरं दार किलवरचं. डमीतून छोटं किलवर खेळून माझी राणी लावायची. राजा उजवीकडच्या बाईंकडे असेल तर राणी निभावते, डावीकडे असेल तर मेली. याला फिनेस म्हणतात. नवशिक्यांचा हा फार लाडका प्रकार, कारण त्यात काहीतरी चतुर केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती नाणेफेक असते.

बदामच्या बाबतीत मी शहाण्यासारखी वागले, हे नमूद करू द्या. एक्का लगेच मारला नाही. राजावर दुर्री दिली, राणीवर पंजी दिली, तिसऱ्या वेळी गुलाम आला तेव्हा एक्का घेतला. डमीतून एक किलवर गेलं. या तिसऱ्या बदामवर उजवीकडच्या बाईंनी इस्पिक टाकलं. म्हणजे त्यांच्याकडे बदाम दोनच होते आणि डावीकडच्या गृहस्थांकडे पाच. त्यांच्याकडे अजून दोन बदाम शिल्लक, माझ्याकडे एकटी सत्ती.

आणि मग मी चौकटच्या एक्क्याने डमीत गेले, किलवर खेळले, आणि राणी लावली.

डावीकडच्या गृहस्थांनी राजा इतक्या हळूच ठेवला की जणू टेबलाला लागेल. त्यामागून दोन बदाम. दोन आधी गेलेले, एक किलवर, हे दोन. पाच गेले. एक डाऊन, म्हणजे बोलीपेक्षा एक हात कमी. काकांनी पानं गोळा केली, पाकिटात घातली आणि म्हणाले, ‘पुढचा बोर्ड.’

परत येताना सिग्नलला थांबले तेव्हा पहिली चूक दिसली. मला नेहमी सिग्नललाच दिसते. फिनेस आधी का घेतला? तो हुकला की डाव संपतो, कारण हात जातो नेमका त्या माणसाकडे ज्याच्याकडे दोन बदाम वाट बघत बसलेत. चौकट वाजवून बघितली असती तर काहीच गमवायचं नव्हतं. तीन-तीन निघाली, नऊ हात. नाही निघाली, तर फिनेस आहेच. पुस्तकी आकडे असे, की सहा पानं तीन-तीन वाटली जाण्याची शक्यता ३६ टक्के, चार-दोनची ४८. म्हणजे ३६, अधिक उरलेल्या ६४चे निम्मे ३२. ६८. मी ५०वर समाधान मानलं होतं. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला.

पण घरी आल्यावर छापील कागद बघितला. डाव संपल्यावर चारी हातांची पानं छापलेला एक कागद मिळतो. त्यात चौकट चार-दोन होती आणि किलवरचा राजा तर मी पाहिलाच होता. म्हणजे ६८ टक्क्यांच्या वाटेने गेले असते तरी बुडालेच असते! त्या रात्री मला इतकी छान झोप लागली. शिवाय दुसऱ्या दिवशी कळलं की पाकिटातून टेबलोटेबली फिरणारा हाच डाव आणखी दोन-तीन टेबलांवर एक डाऊन गेला होता, त्यामुळे तर अगदी बरं वाटलं. बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

या कागदाबद्दल माझं मत जरा वाईट आहे. त्यावर कुठल्या बाजूला कशात किती हात होऊ शकतात हेही छापलेलं असतं. ते संगणकाने बावन्न पानं उघडी बघून काढलेलं. टेबलावर मला सव्वीसच दिसतात. एका माणसाच्या वाट्याला येणाऱ्या तेरा पानांचे ६,३५,०१,३५,५९,६०० प्रकार होतात. बाकी सव्वीस कशी वाटली गेलीत हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्याशी मी काय वाद घालणार? कागद पाहून ‘अगं, राजा पाडता आला असता की!’ म्हणणारी माणसं प्रत्येक क्लबात असतात. त्यांना टाळावं. पण त्या रात्री मीही तेच केलं, फक्त उलट्या बाजूने. कागदाकडे बघून स्वतःला माफ केलं.

गुरुवारी दुपारी काकांचा फोन आला. काका फोनवर नमस्कार वगैरे करत नाहीत.

‘ती बदामची सत्ती कशाला ठेवली होतीस?’

‘कुठली सत्ती?’

‘तीन नो ट्रम्पची. पत्ते काढ.’

मी जेवणाच्या टेबलावरची भाजी बाजूला सारून पत्ते मांडले. पुढचा पाऊण तास काकांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं सांगते. मला ते एका दमात समजलं नव्हतं.

त्यांचं पहिलं म्हणणं असं, की फिनेस पन्नास टक्के असतो हे विसरून जा. बाईंनी तिसऱ्या बदामवर इस्पिक टाकलं तेव्हाच तो पन्नास राहिला नाही. बदामची सात पानं कोणाकडे किती होती ते कळलं. त्यांची बाकीची एकोणीस. त्यातली बाईंकडे अकरा, गृहस्थांकडे आठ. किलवरचा राजा त्या एकोणिसांतलाच एक. मग तो बाईंकडे असण्याची शक्यता एकोणिसात अकरा, म्हणजे ५८ टक्के. ‘म्हणजे मी बरोबरच होते!’ मी म्हटलं. ‘तू नशीबवान होतीस. मोजलं होतंस का?’ नव्हतं मोजलं.

दुसरं असं, की चौकट वाजवायची ती फक्त तीन-तीन आहे का बघायला नाही. ती वाजवताना कोणाकडे किती होत्या ते कळतं, आणि त्यावरून किलवर उलगडतं. समजा गृहस्थांकडे चौकट चार निघाल्या. पाच बदाम, चार चौकट. काळी पानं उरली फक्त चार. उलट बाईंकडे काळी नऊ. तेरा काळ्या पानांतला एक राजा, त्यातली नऊ पानं एकीकडे. फिनेस आता ६९ टक्के झाला. मग इस्पिकचे तिन्ही हात वाजवून डमीत पोचायचं. त्यात गृहस्थांकडे तीन इस्पिक दिसले तर त्यांच्याकडे किलवर एकच, आणि सहात पाच वेळा राजा बाईंकडे. खुशाल राणी लाव.

‘आणि समजा उलटं निघालं? गृहस्थांकडे चौकट दोनच?’

कागदावर तेच होतं. मी म्हटलं, ‘मग त्यांच्याकडे काळी सहा, बाईंकडे सात. फिनेस ५४च्या आसपास.’ मला माझाच अभिमान वाटला.

‘बरोबर. आणि मग फिनेस घ्यायचाच नाही.’

इथे सत्ती येते. गृहस्थांच्या चौकट दोन वाजवून संपल्या. आता इस्पिक वाजवायचे तीन. त्यांच्याकडे तीन किंवा कमी असतील तर तेही संपले. माझे सात हात झाले, त्यांचे दोन. प्रत्येकाकडे चार पानं. माझ्याकडे बदामची सत्ती आणि किलवरचे एक्का, राणी, छक्की. त्यांच्याकडे दोन बदाम आणि किलवर, दुसरं काही असूच शकत नाही. आता मी शांतपणे सत्ती खाली ठेवायची. घ्या. त्यांनी दश्शीने घ्यावी, उरलेला बदामही वाजवावा, त्यावर मी किलवरची छक्की फेकते. त्यांचे हात झाले चार. पाचवा कुठून आणणार? त्यांच्याकडे आता फक्त किलवर, आणि माझ्याकडे एक्का-राणी. ते राजाखालून खेळले तर माझी राणी हात करते. राजाच खेळले तर एक्का आणि मग राणी. आणि राजा त्यांच्याकडे नसून बाईंकडे असला तरी तेच! बाईंनी राजा लावला तर एक्का घेतो, नाही लावला तर राणी. राजा कुठे आहे हा प्रश्नच उरत नाही.

मी टेबलावर पानं खेळून बघितली. खरंच नऊ.

हात त्यांच्या गळ्यात मारायचा आणि त्यांनाच खेळायला लावायचं, याला एंडप्ले म्हणतात. नाव मला माहीत होतं. पुस्तकात त्याचे डाव वाचताना मी मान डोलावते. पण पुस्तकात वर ‘एंडप्ले’ असं प्रकरणाचं नावच छापलेलं असतं. टेबलावर तीन नो ट्रम्पच्या डोक्यावर काही लिहिलेलं नसतं. मला ती सत्ती म्हणजे एक हरलेलं पान दिसत होती, बुडणाऱ्या हातांच्या यादीतलं. डावीकडे बदाम दोन, माझ्याकडे एक, तो एक तर जाणारच, मग विसरा त्याला. आत्या असती तर तिने ती सत्ती इतकी सहज विसरली नसती.

‘पण काका,’ मी हट्टाने म्हटलं, ‘गृहस्थांकडे इस्पिक चार असते तर? सत्ती दिल्यावर त्यांनी दोन बदाम आणि तो चौथा इस्पिक वाजवला असता. बुडालोच असतो.’

‘बुडालो असतो. पण त्यांच्याकडे इस्पिक तीन किंवा कमी असण्याची शक्यता बासष्टच्या जवळ येते. फिनेस चोपन्न. आणि एक गोष्ट तू बघितली नाहीस.’

ती गोष्ट मला सगळ्यात आवडली, आणि ब्रिज न खेळणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटेल याची मला कल्पना आहे. सत्ती माझ्या हातात आहे, किलवरचा फिनेस मात्र डमीतून घ्यावा लागतो. म्हणजे एंडप्ले करायचा तर शेवटी मी माझ्या हातात पोचायला हवं, आणि फिनेस घ्यायचा तर डमीत. दोन्ही वाटा शेवटपर्यंत मोकळ्या कशा ठेवायच्या? तर चौकट होईपर्यंत इस्पिकला हातच लावायचा नाही. चौकटची राणी आधी, मग एक्का, राजा. आता आपण डमीत आहोत आणि चौकट कशी वाटली होती ते कळलेलं आहे. गृहस्थांकडे लांब निघाली तर इस्पिकच्या तिर्रीवरून राजा, मग राणी, मग पंजीवरून डमीतला एक्का. पोचलो डमीत, फिनेस. आखूड निघाली तर डमीतला एक्का आधी, मग राजा, राणी. पोचलो हातात, सत्ती. तेच तीन इस्पिक, फक्त क्रम उलटा. मी फिनेस घेतला तेव्हा इस्पिकचे तिन्ही हात सुरक्षित आहेत म्हणून त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. ते पैसे बँकेत आहेत, असं समजून चालले होते.

क्लबात विचारतात, ‘तुझी लाइन काय होती?’ या प्रश्नाला मी आजवर एका आकड्याने उत्तर द्यायची. ही पन्नासची, ही अडुसष्टची, मोठी ती चांगली. काकांच्या लाइनला सुरुवातीला आकडाच नव्हता. चौकटच्या तिसऱ्या हातापर्यंत ते काहीच ठरवत नव्हते. फक्त ठरवायची वेळ येईल तेव्हा नेमकं काय विचारायचं आणि कुठल्या हातात बसून विचारायचं, एवढी तजवीज करून ठेवत होते. मी चौथ्या हाताला ठरवून मोकळी झाले होते. मोकळं होण्याची मला एकूणच घाई असते. हे ब्रिजपुरतं नाही, पण ते इथे नको.

आमच्या घरात पत्त्यांना ‘कुटणं’ हेच क्रियापद. दिवाळीत कुटा, एरवी अभ्यास करा. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आलं आणि प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या बंगाली जोडीने पुरुषांच्या जोड्यांत सुवर्णपदक मिळवलं. एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्न. पेपरात फोटो आला तेव्हा माझ्या भावाने तो मला पाठवून खाली लिहिलं होतं, ‘अजून वेळ गेलेली नाही.’ खेळाडू म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यात हे दोघं बसत नव्हते. पण दिवसचे दिवस, बोर्डामागून बोर्ड, प्रत्येक वेळी सव्वीस अज्ञात पानं मोजत बसणं म्हणजे काय, ते आता मला थोडं समजतं. मला एका संध्याकाळच्या चोवीस बोर्डांनंतर स्कूटरची किल्ली सापडत नाही.

पुढच्या मंगळवारी मी जरा लवकर गेले. काका कोपऱ्यातल्या टेबलावर एकटेच पत्ते पिसत बसले होते. मी धीर करून विचारलं. गेले पाच दिवस मनात होतं ते.

‘काका, तुम्ही डमी होतात तेव्हा हे सगळं समोर दिसत असताना गप्प बसवलं कसं तुम्हाला?’

त्यांनी पत्ते पिसणं थांबवलं नाही.

‘कुठे दिसत होतं? मीसुद्धा चौकट वाजवून फिनेसच घेतला असता. बुधवारी बँकेत रांगेत उभा होतो, तेव्हा आठवली सत्ती. नंबर गेला माझा.’

मग त्यांनी जोड माझ्यासमोर ठेवला. मी काटला. डावीकडे नवीन जोडी येऊन बसत होती.